गालिच्यावर डाग पडला? पाण्याआधी पंख्याचा विचार करा

गालिच्यावर चहा सांडला की घरातला एक जण लादीचं फडकं घेऊन जोरजोरात चोळायला लागतो आणि दुसरा वरून तांब्याभर पाणी ओततो. चोळल्याने चहा लवेच्या मुळाशी जातो आणि डागाचा घेर वाढतो. ओतलेलं पाणी खालच्या अस्तरात मुरतं. नागपूर-संभाजीनगरकडे उन्हाळ्यात ते एका दुपारीत वाळूनही जाईल. इथे खाडीकाठी, ऐरोली-कोपरखैरणे म्हणा की कळवा-कोलशेत, तसं होत नाही. जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बाल्कनीतला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसर लागतो, तिथे बोटभर जाड गालिच्याची काय कथा!

माझं मत विचाराल तर आपल्याकडे गालिचे डागांनी कमी आणि डाग काढायला ओतलेल्या पाण्याने जास्त खराब होतात. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नव्याने राहायला आला असाल, पहिल्यांदाच गालिचा घेतला असेल, तर एवढा एक हिशेब पक्का धरा: जेवढं पाणी आत घालाल तेवढं बाहेर काढायची सोय आधी हवी.

गालिचा कशाचा आहे?

डाग पडायच्या आधीच हे बघून ठेवलेलं बरं. मागच्या बाजूला, बहुधा कोपऱ्यात, लेबल शिवलेलं असतं. तुर्भ्याच्या आयकियातून किंवा एखाद्या मॉलमधून घेतलेल्या परवडणाऱ्या गालिच्यावर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर लिहिलेलं दिसेल. नवख्यासाठी हे सगळ्यात सोपे. त्यांचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे चहा-सरबताचा डाग वरवर राहतो. तेल मात्र ते घट्ट धरून ठेवतात. नायलॉनही धुवायला सोपं, पण रंगीत पेयांचा रंग त्याला लवकर चढतो.

लोकरीचा गालिचा, म्हणजे भदोही-मिर्झापूरकडचा हातविणीचा किंवा काश्मिरी, हा वेगळा मामला आहे. लोकर म्हणजे प्रथिन. धुण्याचा सोडा, तीव्र साबण, कपड्यांची एन्झाइमवाली पावडर यांनी ती कमजोर होते आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर अक्षरशः विरघळते. तिच्यासाठी स्वेटर धुतो ते ईझीसारखं सौम्य लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी वापरायचं. रिठ्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो, म्हणून फिक्या गालिच्यावर तोही नको.

लेबल नसेल तर मागच्या कोपऱ्यातून लवेचा एक धागा ओढून घ्या. झालरीचा नको, कारण गालिचा लोकरीचा असला तरी झालर अनेकदा सुती असते. धागा चिमट्यात धरून बेसिनवर काडीने पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, ताग किंवा व्हिस्कोस.

यातला शेवटचा फसवा. ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी विकला जाणारा चमकदार, गुळगुळीत गालिचा बहुतेक वेळा व्हिस्कोसचा असतो. ओला झाला की त्याचा धागा निम्मा कमजोर होतो, लव चपटी होते, पिवळट छटा येते. तो आणि खरं रेशीम, दोन्हींवर फक्त कोरड्या फडक्याने टिपायचं आणि पुढचं काम जाणकाराकडे द्यायचं. घरचे प्रयोग तिथे नकोत.

सामान

बाजारात जायची फारशी गरज नाही. जुने पांढरे पंचे किंवा पांढरा टर्किश टॉवेल (रंगीत फडक्याचा रंग गालिच्यावर उतरतो), बोथट चमचा, भांडी घासायचं लिक्विड, पांढरं व्हिनेगर, खायचा सोडा, बिनसुगंधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर आणि केमिस्टकडे मिळणारं सर्जिकल स्पिरिट. हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटलीही आणून ठेवा, पण लेबलवरचा आकडा वाचून घ्या. ते ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करायचं. हे पांढऱ्या किंवा फिक्या कृत्रिम गालिच्यासाठीच. गडद रंग त्याने उडतो.

एक ताकीद इथेच देतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाचं मिश्रणही तितकंच विषारी. वन बीएचकेच्या बंद खोलीत हा खेळ जिवावर बेतू शकतो. गालिच्यासाठी ब्लीच लागतच नाही, तेव्हा ती बाटली बाथरूममध्येच राहू द्या.

मूळ पद्धत

१. घट्ट भाग आधी उचला. आमरस असो की वरणभात, चमच्याच्या कडेने बाहेरून आत असा गोळा करा. आतून बाहेर गेलात तर डाग पसरतो.

२. टिपा. पंचाची जाड घडी डागावर ठेवा, तळहाताने वजन द्या, उचला, कोरडी बाजू फिरवा, पुन्हा दाबा. फडक्यावर रंग येणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. कंटाळवाणं आहे, पण निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. सांडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे झालं तर पुष्कळदा पुढच्या पायऱ्या नावापुरत्याच उरतात. मोठा डाग असेल तर घडीवर उभे राहिलात तरी चालेल.

३. जे लावणार असाल ते आधी सोफ्याखाली दडणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. पांढरं फडकं त्यात भिजवून मिनिटभर दाबून धरा. गालिच्याचा रंग फडक्यावर आला तर थांबा. गडद लाल-निळ्या हातविणीच्या गालिच्यात हे बऱ्याचदा होतं.

४. एक कप पाण्यात पाव चमचा भांड्यांचं लिक्विड (लोकरीला मघाचं सौम्य लिक्विड). फेसाचा मोह आवरा. साबण जास्त झाला तर तो धाग्यात राहतो, चिकट होतो, आणि महिनाभरात तिथेच काळा गोल दिसू लागतो. डाग परत आला असं आपल्याला वाटतं, पण तो साबणाला चिकटलेला धुरळा असतो. या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि कडेकडून मध्याकडे दाबत जायचं. ओतायचं नाही.

५. दुसऱ्या फडक्याने साध्या पाण्याचे दाब देऊन साबण काढा, दोनतीन वेळा. घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. तुमच्या नळांवर पांढरे थर धरत असतील तर ते पाणी जड आहे, वाळल्यावर त्याची खरखर धाग्यावर राहते. शेवटचा हात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने मारा. वाटीभर पुरतं.

६. आता कोरडा टॉवेल चौपदरी करून डागावर ठेवा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि वर जड वजन: पाटा, डिक्शनऱ्यांचा गठ्ठा, काहीही. रात्रभर राहू द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सकाळी डाग पुन्हा वर आलेला बघून साबणाला शिव्या देतात. खरं कारण असं की अस्तरात उरलेला चहा, पाणी वाळताना, धाग्यातून वर चढतो आणि टोकाशी साचतो. वजनाखालचा टॉवेल त्याला आपल्याकडे ओढून घेतो.

७. पंखा. त्याबद्दल पुढे सविस्तर.

हळद

मराठी घरातला हा सगळ्यात चिवट डाग, आणि यात माणसं घाबरून चुका करतात. साबण लावल्याबरोबर पिवळा डाग लाल होतो. घाबरू नका, डाग बिघडलेला नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते याच गुणावर. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी असं मिसळून फडक्याने दाबलं की लाल पुन्हा पिवळा होतो.

पिवळा मग कसा घालवायचा? कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून नुसत्या पाण्याने कितीही पुसा, फरक पडत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र ते विरघळतं. सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घ्या आणि टिपत जा. थेट गालिच्यावर ओतू नका, मागच्या अस्तराचा गोंद सैल होऊ शकतो. खिडकी उघडी आणि गॅस बंद, कारण स्पिरिट पेट घेतं. फडकं पिवळं होत जाईल, तसतशी बाजू बदला.

एवढं करून जी फिकी छटा उरते तिच्यावर उन्हाइतकं चांगलं औषध नाही. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. वरणाचे डाग पडलेली चादर दोन दिवस उन्हात घातली की साफ होते हे आज्ज्यांना माहीत होतंच. गालिच्याचा तेवढाच भाग ऊन येणाऱ्या खिडकीत ओढून ठेवा आणि बाकीचा भाग चादरीने झाका, नाहीतर सगळाच गालिचा फिका पडेल. दोनतीन दुपारी लागतील.

मामलेदारची मिसळ पार्सल आणून टीव्हीसमोर खाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तर्रीत हळद आहे, मिरचीचा लाल रंग आहे आणि हे दोन्ही तेलात आहेत. म्हणून आधी तेल. टिपून झाल्यावर त्यावर टाल्कम किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा, अर्धा-पाऊण तास ठेवा, व्हॅक्युम क्लीनरने किंवा ब्रशने काढा, पावडर तेलकट झाली असेल तर पुन्हा एकदा टाका. त्यानंतर साबणाचं पाणी, मग व्हिनेगर, मग स्पिरिट, मग ऊन. हा क्रम उलटा केला तर तेलकट पिवळा डाग आत बसतो. समईचं तेल, साजूक तूप, डोक्याचं तेल यांना नुसती पावडर आणि साबणाचं कोमट पाणी पुरतं.

बाकीचे नेहमीचे

चहा-कॉफीत रंगही असतो आणि दुधाची साय-प्रथिनंही. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग व्हिनेगरचं, मग साधं. गरम पाणी नको, त्याने दुधाची प्रथिनं धाग्याला धरून बसतात. रक्ताचंही तसंच, कायम थंड पाणी. फिक्या कृत्रिम गालिच्यावर रक्ताचा डाग उरलाच तर ३ टक्के पेरॉक्साइडचे थेंब टाका, फेस येईल, टिपून घ्या. लोकरीवर हे नको.

सोलकढी, कोकम सरबत आणि जांभूळ यांच्या बाबतीत क्रम उलटा. त्यांचा रंग आंबट पदार्थात लाल राहतो आणि साबणासारख्या अल्कलीत निळसर-करडा होतो. त्यामुळे पहिल्यांदा थंड पाणी, मग व्हिनेगर, आणि साबण शेवटी थोडासा, सोलकढीतल्या नारळाच्या तेलकटपणापुरता.

आमरस खरवडून काढा, साबणाचं पाणी लावा, उरलेली केशरी छटा उन्हावर सोडा.

बॉलपेनला स्पिरिट. टिपायचं, पुसायचं नाही, नाहीतर शाईची रेघ हातभर लांब होते. नेलपॉलिशला अ‍ॅसिटोन चालतं, पण कोपऱ्यात तपासल्याशिवाय नको आणि कापसाच्या बोळ्यावर अगदी थोडं घ्यायचं.

लहान मुलाने शू केली तर लगेच टिपा, थंड पाण्याचे दाब द्या, मग व्हिनेगरचं पाणी. पूर्ण वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्युम करा. घरात कुत्रं-मांजर असेल तर अमोनियावालं क्लीनर अजिबात वापरू नका. त्याचा वास त्यांना मुतासारखा वाटतो आणि ती त्याच जागी परत जातात.

गुलाल, रांगोळी, कुंकू, समईची काजळी: पाण्याचा थेंबही नको. कोरडी पूड ओली झाली की तिचा रंग होतो. व्हॅक्युमचं तोंड जवळ धरून, न घासता, ओढून घ्या. गौरी-गणपतीत मखरापुढे गालिचा अंथरायची हौस असेल तर वर जुनी चादर टाका, आरतीच्या वेळी कोण कुठे अक्षता उधळेल याचा नेम नसतो. पणतीतलं मेण सांडलं तर बर्फाचा खडा पिशवीत घालून वर ठेवा, कडक झालं की चमच्याने मोडून काढा. मेणावर कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवायची आणि मेण कागदात ओढून घ्यायचं, ही युक्ती लोकरीवर ठीक आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं, तिथे इस्त्री नकोच.

पावसाळ्यातला चिखल हा एकच डाग ज्यात घाई करायची नाही. ओला चिखल पुसला तर तो लवेत भरतो. पंख्याखाली वाळू द्या, ब्रशने झटका, माती व्हॅक्युम करा. मग जे उरेल त्याला साबणाचं पाणी.

पानाचा डाग फिका होतो, पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. व्हिनेगर, मग साबण, आणि फिक्या कृत्रिम धाग्यावर पेरॉक्साइड. बाकी टीपॉय थोडा सरकवला तरी चालतं.

वाळवणं

गालिचा लादीला चिकटून राहिला तर खालून हवा लागत नाही आणि ओल अडकते. ओला भाग उचलून त्याखाली दोन प्लॅस्टिकचे स्टूल किंवा उलटी बादली ठेवा, म्हणजे हवा खालून-वरून फिरेल. सीलिंग फॅन लावाच, पण टेबल फॅन असेल तर तो जमिनीलगत, गालिच्याच्या खालच्या बाजूला तोंड करून ठेवा. पावसाळ्यात खिडक्या सताड उघडून उपयोग नसतो, बाहेरची हवाच ओली असते. एसी असेल तर दार-खिडकी लावून ड्राय मोडवर तीनचार तास चालू द्या. आमच्या हवेत पंख्याच्या जोडीला हा उपाय सगळ्यात खात्रीचा आहे. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर.

वाळला की नाही हे वरून कळत नाही. मागच्या बाजूला हात लावा. शेजारच्या भागापेक्षा गार लागला तर अजून ओल आहे. तोवर त्यावर फर्निचर ठेवू नका. लोखंडी पायांचा गंज आणि लाकडाच्या पॉलिशचा रंग ओल्या गालिच्यावर उतरतो, आणि ते डाग मूळ डागापेक्षा वाईट.

तागाचं अस्तर असलेला गालिचा फार भिजला तर वाळताना वर तपकिरी छटा येते. तो तागातला रंग असतो. व्हिनेगरचं पाणी लावून टिपलं तर बराच जातो.

ऑक्टोबर ते मे या काळात गच्ची हाताशी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. चावी बहुधा वॉचमनकडे किंवा सेक्रेटरींकडे असते, आधी विचारून ठेवा. गालिचा उलटा, पाठ वर करून टाका, म्हणजे रंग उडत नाही. बाल्कनीच्या कठड्यावरून बाहेर लटकवू नका. ओला गालिचा वाटतो त्यापेक्षा फार जड असतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पाणी ठिबकलं तर डागाचा विषय वेगळ्याच वळणावर जाईल.

कुबट वास येऊ लागला किंवा करडे-पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. घरात झटकू नका, दम्याच्या माणसाला त्रास होतो. नाकातोंडाला मास्क लावून बाल्कनीत किंवा गच्चीवर न्या, कोरड्या ब्रशने काढा, स्पिरिटने टिपा आणि कडक ऊन द्या. जूनमध्ये पाऊस लागला की जाड गालिचे गुंडाळून ठेवणारी बरीच घरं आहेत, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. चार महिने दरी किंवा सतरंजी अंथरा, ती वॉशिंग मशीनमध्येही जाते. ठेवताना घडी घालू नका, गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, सुती चादरीत गुंडाळून जमिनीपासून वर ठेवा. लोकरीचा असेल तर कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि गणपतीच्या आधी एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.

बाहेर कधी द्यायचा

रेशीम, व्हिस्कोस, किमती हातविणीचा, रंग सोडणारा, किंवा बादलीभर पाणी पडून पाठीपर्यंत भिजलेला गालिचा घरी हाताळू नका. ठाणे-नवी मुंबईत घरी येऊन मशीनने साफ करणारेही आहेत आणि गालिचा नेऊन धुणारेही. मशीनवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की मशीन पाणी किती ओढून घेतं आणि त्यानंतर वाळायला किती तास लागतील. ‘दोन दिवस चालू नका’ असं उत्तर आलं तर पावसाळ्यात नाही म्हणा. नेऊन धुणाऱ्याला लोकरीसाठी कोणता शाम्पू वापरतो आणि वाळवतो कुठे, उघड्यावर की शेडमध्ये, ते विचारा. काय सांडलं आणि तुम्ही त्यावर काय-काय लावलं हे न लपवता सांगा. पेरॉक्साइड लावलेल्या जागी त्याने दुसरं रसायन टाकलं तर गालिच्याचा रंगच जाऊ शकतो. गालिचा हाती देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पावतीवर माप, धाग्याचा प्रकार आणि आधीचे डाग लिहून घ्या.